चौसष्टच्या आत

आकडा चौसष्टच्या आत आला, तर मापाडीला काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ. बढती नाही. बढतीच्या यादीत तिचं नाव तीन वर्षं धूळ खात पडलं होतं आणि ती झटकायची कुणाला घाई नव्हती. शाबासकीही नाही. आकडा चांगला आला तर श्रेय प्रोग्राम लिहिणाऱ्याचं, वाईट आला तर खापर मोजणाऱ्यावर, ही ऑफिसातली जुनी वहिवाट. तिला मिळणार होता एक आवाज. तिच्या वडिलांचा. अकरा महिन्यांपूर्वी घशाच्या शस्त्रक्रियेत गेलेला.

खरं तर तो मिळणार होता आईला. पण आईला मिळालेली वस्तू आपल्यालाच मिळाली असं मानणाऱ्या मुली असतात, मापाडी त्यांतली.

मापाडी हे तिचं ऑफिसातलं नाव. बाजारात धान्याची मापं भरून आकडा ओरडणारा मापाडी असतो, तसं हिचं काम मेमरी मोजायचं. इतर लोक फंक्शनं लिहायचे. फंक्शन म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, एकच काम नेमून दिलेला. काम करताना त्याला यंत्राच्या मेमरीत जागा लागते, काम संपलं की ती तो परत करतो. चालू असताना सगळ्यात जास्त जागा त्याने किती अडवली, तो शिखराचा आकडा मापाडीने सांगायचा. नाव चेष्टेत पडलं होतं, पण तिला ते मनातून आवडायचं. मोजणं घराण्यातच होतं.

बाबांनी एकतीस वर्षं मालाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर काढली होती. जमिनीत बसवलेला भलाथोरला लोखंडी पूल, त्यावर ट्रक येऊन उभा राहायचा आणि बाजूच्या काचेच्या खोलीतून बाबा कर्ण्यावर बोलायचे. "पुढे घ्या. थांबा. उतरा." मग वजन. भरलेली गाडी इतकी, रिकामी गाडी इतकी, मधला फरक तो माल. पुढे भांडण नको म्हणून तिथलं सगळं बोलणं टेपवर राहायचं. त्यामुळे गंमत अशी झाली, की घरात एका वेळी सहा शब्दांच्या वर न बोलणाऱ्या माणसाचा आवाज शेकडो तास साठून राहिला.

"सगळे शब्द काट्यावर उतरवून येतात," आई म्हणायची. "घरी येते ती रिकामी गाडी."

तिचा त्रेचाळीस वर्षांच्या संसारातला हा एकच दावा, आणि तो कधी निकाली निघाला नाही. चिडून म्हणायची, हसून म्हणायची, पाहुण्यांसमोरही म्हणायची. बाबा यावर मान हलवायचे. बोलले असते तर दावाच पडला असता.

आवाज गेला तेव्हा सुरुवातीला कुणाला फारसा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. पण दरम्यान मधुमेहाने आईचे डोळे नेले होते. तिला उजेड कळायचा, दारात कुणी उभं आहे एवढं कळायचं. बाबा पाटीवर लिहायचे ती तिच्या काही कामाची नव्हती. मग मापाडीने आपल्याच कंपनीची डबी घरी आणली. तळहाताएवढं यंत्र, बोटाने मजकूर लिहायचा, बाजूचं बटण दाबायचं, यंत्र तो बोलून दाखवायचं. एका सपाट, गुळगुळीत, कुणाच्याच नसलेल्या आवाजात.

पहिल्या दिवशी डबी म्हणाली, "चहा झाला का?"

आई ताडकन उठून बसली. "कोण हो तुम्ही? कोणाला घेतलंयस ग घरात?"

"आई, बाबा आहेत. यंत्रातून बोलतायत."

"हे तुझे बाबा? हा तर बँकेतून फोन करतो तो मेला! आता म्हणेल, एक दाबा, दोन दाबा."

तेव्हापासून तिने त्या आवाजाला उत्तर दिलं नाही. नाव मात्र ठेवलं, बँकवाला. "तुझ्या बँकवाल्याला सांग, पंखा बारीक कर." बाबा तिच्यापासून दोन हातांवर बसलेले असायचे. ते उठायचे, पंखा बारीक करायचे, परत येऊन बसायचे.

मग डॉक्टरांनी आईच्या छातीचे फोटो पाहिले आणि शस्त्रक्रियेची तारीख दिली. वय, साखर, अशक्त हृदय. "करायला हवी," ते म्हणाले, आणि "बरी होईल" हे शब्द वापरायचं त्यांनी सफाईने टाळलं. मापाडीला टाळलेले शब्द बरोबर ऐकू यायचे.

म्हणून चौसष्ट.

कंपनीने नवीन फंक्शन लिहून घेतलं होतं. माणसाच्या जुन्या ध्वनिफिती दिल्या की डबी त्याच्याच आवाजात बोलणार. चाचणीसाठी नऊ माणसं निवडली होती, बाबा त्यांतले एक. पण डबी लहान, तिच्यात आवाजासाठी मेमरी फक्त चौसष्ट मेगाबाइट. फंक्शनचं शिखर चौसष्टच्या वर गेलं तर यंत्र बंद पडणार. साहेबांनी सरळ सांगितलं होतं, "आकडा आत असेल तर या खेपेला देऊ. नसेल तर नऊही जणांना सपाट आवाज, आणि हे सगळं सहा महिन्यांनंतरच्या खेपेला." साहेबांचा जीव तारखेत होता. तारीख चुकली असती तर वरच्यांसमोर त्यांची मान खाली गेली असती. एवढंच, पण माणसं एवढ्याचसाठी पुष्कळ काही करतात.

मापाडीच्या घराला सहा महिने नव्हते. आईच्या शस्त्रक्रियेला एक महिना होता.

पहिल्यांदा तिने सोपं माप घेतलं. फंक्शन सुरू व्हायच्या आधी मेमरी किती, संपल्यावर किती. दोन्ही आकडे सारखे. शहाण्या पाहुण्यासारखं, आवरून सावरून गेलेलं. पण मधे किती गाद्या घालाव्या लागल्या ते त्यातून कळेना. मग तिने फंक्शन चालू असताना सेकंदाला दहा वेळा डोकावून आकडा टिपायची सोय केली. एक्कावन्न.

"झालं की!" ती म्हणाली.

"काय झालं?" शेजारच्या टेबलावरून आवाज आला.

तो शंकासुर. लिफ्टचं बटण पेटलं तरी दुसऱ्यांदा दाबून पाहणारा, घराला कुलूप लावून परत फिरून ओढून बघणारा. त्याच्याबरोबर जेवायला जाणं म्हणजे शिक्षा, कारण तो मिठाचीही चौकशी करायचा. पण त्याने पास केलेला प्रोग्राम परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"मापाडीबाई, तुम्ही सेकंदाला दहादा डोळे उघडता. दोन उघडझापांच्या मधे तो किती गिळतो?"

"तेवढ्यात किती गिळेल?"

"ते मला काय विचारता? त्याच्या हातात बघा."

आणि त्याचं खरं निघालं. फंक्शन आधी सबंध मजकुराचा आराखडा करायचं, कुठे आवाज चढेल, कुठे उतरेल. मग त्यावरून ध्वनी तयार करायचं. ध्वनी पुरा होईपर्यंत आराखडा हातातून सोडता यायचा नाही. दोन्ही ओझी एकदम हातात असतील असा एक क्षण यायचा, सेकंदाचा शंभरावा हिस्सासुद्धा नाही, आणि शिखर त्या क्षणात. डोकावणाऱ्याला ते दिसणं शक्य नव्हतं. मापाडीने मग मेमरी जिथून वाटली जाते त्या दारातच ठाण मांडलं. दिलेला प्रत्येक तुकडा वाढवायचा, परत आलेला वजा करायचा, आणि सगळ्यात वरची रेघ पुसायची नाही. फंक्शन सातपट हळू चालायला लागलं, पण आता त्याला लपायला जागा नव्हती. तिच्या स्वतःच्या चाळीस वाक्यांवर आकडा आला अठ्ठावन्न. सगळ्यात लांब वाक्य अठ्ठावीस शब्दांचं.

"आता?" तिने विचारलं.

"आता मोजलंत खरं," शंकासुर म्हणाला. तिला पेढा मिळाल्यासारखं वाटलं. "आता माझी यादी लावा."

त्याची चाचणीची यादी दोनशे मजकुरांची. त्यातले बारा मजकूर लांबलचक, काही साठ शब्दांचे. मजकूर लांब तितका आराखडा मोठा, ध्वनी मोठा. बाराच्या बारा मजकुरांनी चौसष्टची रेघ ओलांडली. सगळ्यात वरचा आकडा एकाहत्तर.

मापाडी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसली. डोळे वटारले म्हणून आकडा वितळत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? मग ती फंक्शन लिहिणाऱ्याकडे गेली. तो म्हणाला, मजकूर तुकड्यांत तोडून बोलता येईल, पण मग दर तुकड्याला आवाज नव्याने सुरू झाल्यासारखा वाटेल. ते नीट जोडायला तीन आठवडे. "निदान फार लांब झालं तर आधी सांगायची सोय?" त्यालाही पडद्यावर नवी सूचना हवी, तिची भाषांतरं हवीत, म्हणजे पुन्हा पुढची खेप.

परत येऊन ती कामाला लागली, आणि इथे तिची हुशारी पाहण्यासारखी आहे. लबाडी तिने केली नाही. लबाडी करायला जो निर्लज्जपणा लागतो तो तिच्या घराण्यात नव्हता. तिने पुरावा काढला. त्या नऊ माणसांकडे सपाट आवाजाच्या डब्या महिनाभर होत्याच. कोण काय बोललं ते डबी साठवत नसे, ते माणसाचं खाजगी. पण किती शब्द बोलला एवढं लिहून ठेवत असे. मापाडीने महिन्याभराचे आकडे मांडले. नऊ जणांचा मिळून सगळ्यात लांब मजकूर बावीस शब्दांचा. बाबांचा नऊ.

"बावीस," ती शंकासुराला म्हणाली. "मी अठ्ठावीसपर्यंत मोजलंय. वर सहाची मोकळीक. एका बोटाने लिहिणारा माणूस साठ शब्द कशाला लिहील? तुमचे बारा मजकूर यंत्राला छळायला लिहिलेत, माणसांनी बोलायला नाही."

"काढा म्हणताय?"

"बाजूला ठेवा म्हणतेय. पुढच्या खेपेला."

शंकासुराने चष्मा काढून पुसला. "तुमच्या पुराव्यात खोट सापडत नाही मला," तो म्हणाला. "आणि खोट सापडली नाही की मला झोप येत नाही."

"मग आज जागे राहा."

तो हसला नाही. पण त्याने सही केली. त्याला आईच्या तारखेचं माहीत होतं. आयुष्यात एकदाच त्याने कुलूप ओढून पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी मापाडीने बाबांना सगळं सांगितलं. डोकावण्याचं, दोन ओझ्यांचं, वरच्या रेघेचं. मोजण्याच्या गोष्टी बाबांना कळायच्या. त्यांनी पाटी ओढली. 'गाडीने ब्रेक मारला की काटा उसळतो,' त्यांनी लिहिलं. पुसून पुढे लिहिलं, 'पावतीवर थांबलेलं वजन. पूल मोडतो उसळीने.'

"तेच, बाबा! उसळी मोजली मी. अठ्ठावन्न."

बाबांनी पाटी पुसली. 'गाडी भरलेली होती ना?'

"हो, हो," मापाडी म्हणाली. दुसऱ्यांदा "हो" म्हणायची गरज नव्हती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पाटी भिंतीला लावून ठेवली.

डबी नवा आवाज घेऊन घरी आली त्या दिवशी आई खिडकीशी बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बोटांनी शिवण शोधायची आणि कुणाचा कपडा ते सांगायची. बाबा तिच्या समोर जाऊन बसले. एका बोटाने दोन अक्षरं लिहिली. बटण दाबलं.

"अगं," डबी म्हणाली.

आईच्या हातातला सदरा तसाच राहिला. आवाज थोडा कर्ण्यातून आल्यासारखा होता, मागे कुठेतरी ट्रकची घरघर असावी असा. पण तो त्यांचाच होता.

"अहो," आई म्हणाली. मग एकदम ओरडली, "इतके दिवस कुठे होतात हो?"

जसं काही ते गावाला गेले होते. मापाडी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. पाण्याच्या आवाजात माणूस काय करतो ते बाहेर ऐकू जात नाही.

पुढचे चौदा दिवस त्या घरात जेवढं बोलणं झालं तेवढं त्रेचाळीस वर्षांत झालं नसेल. लांब काही नाही. "जेवलीस?" "पाय दुखतोय?" "पाऊस येणार." पण दिवसाला पन्नास वेळा. काट्यावरचे शब्द सगळ्यात झकास यायचे, हजारो वेळा बोललेले ना. आई उठून चालायला लागली की बाबा मजेत म्हणायचे, "पुढे घ्या," आणि भिंत आली की, "थांबा." आणि आई खरंच थांबायची, कमरेवर हात ठेवून.

"मी काय ट्रक आहे?"

"भरलेला," डबी म्हणायची.

आई हसून हसून खोकायची. तिला खोकला चांगला नव्हता, पण कुणी हसू नको म्हणालं नाही.

पंधराव्या दिवशी बाबा गप्प झाले.

डबी हातात असायची. व्हरांड्यात पाठमोरे बसून ते तिच्यात बोट खुपसत राहायचे. मापाडी जवळ आली की पालथी करायचे. पण बोलायचे नाहीत. आईने काही विचारलं तर टेबलावर बोट आपटायचे, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. डबी बंद करू द्यायचे नाहीत, रात्रंदिवस चार्जिंगच्या तारेला लावलेली.

"काय झालं ग यांना?" आईने विचारलं. "परत रिकामी गाडी. मी काही बोलले का?"

"ऑपरेशनची काळजी असेल, आई."

"काळजी मला करू दे की. छाती माझी आहे." जरा थांबून ती म्हणाली, "डबी बिघडली असेल तर सांग. मला उगाच वाटत राहतं."

डबी बिघडलेली नव्हती. मापाडीने एकदा दुरून पाहिलं, पडद्यावर मजकूर होता, वर सरकून गेलेला, पुष्कळ. तेव्हा तिला कळलं. डबीत मजकुराची जागा एकच. तिथे एक लिहून ठेवलं की दुसरं बोलता येत नाही. बाबा आईला सांगायला काहीतरी जमवत होते, थेंब थेंब, आणि ते पुसलं जाऊ नये म्हणून बाकीचं बोलणं त्यांनी सोडून दिलं होतं. तिला गहिवरून आलं. त्याच वेळी तिच्या डोक्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी शब्द मोजायला लागलं. वीस? चाळीस? तिने ते मोजणं बंद पाडलं. बाबांना जाऊन सांगायला हवं होतं, की दोन भाग करा. पण मग त्यांचं गुपित आपण पाहिलं हे सांगावं लागलं असतं. आणि ते "हो, हो" सुद्धा.

तिने ठरवलं, उद्या सांगू. असे तीन उद्या गेले.

शस्त्रक्रियेच्या सकाळी आई हॉस्पिटलच्या हिरव्या झग्यात लहान मुलीसारखी दिसत होती. बांगड्या काढून मापाडीच्या पर्समध्ये टाकलेल्या. नऊ वाजता नेणार होते. पावणेनऊला बाबा खुर्ची ओढून पलंगाला भिडून बसले, तिचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि डबी तिच्या कानाजवळ धरली. आईला खुर्चीच्या आवाजावरून कळलं.

"बोलणार वाटतं आज," ती म्हणाली. "चार दिवस उपास धरला होतात तो सोडा आता."

बाबांनी बटण दाबलं.

पडदा उजळला. एक सेकंद गेला, दोन गेले. मग पडदा काळा झाला.

मापाडी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तो काळा रंग तिला ओळखीचा होता. ऑफिसात तिने तो कितीदा मुद्दाम करून पाहिला होता. बाबांनी बटण परत दाबलं, मग अजून एकदा, मग अंगठ्याने जोरात. मधल्या वेळात खोलीत फक्त शेजारच्या पलंगावरच्या बाईचं घोरणं ऐकू येत होतं. चाळीस सेकंदांनी डबी परत सुरू झाली आणि सुरू होताना ती जे बोलते ते सपाट आवाजात बोलली:

"यंत्र तयार आहे."

"अगंबाई," आई म्हणाली, "हा मेला बँकवाला इथेही आला!" आणि हसली.

पडदा कोरा होता.

स्ट्रेचर आलं. दोन कर्मचाऱ्यांनी आईला उचलून त्यावर घेतलं, नर्सने कागद तिच्या पायाशी ठेवले. चाकं फिरली. बाबांचं बोट डबीवर धावत होतं, चुकत होतं, खोडत होतं. स्ट्रेचर दारातून बाहेर पडून पॅसेजमध्ये वळलं तेव्हा मागून कर्ण्यातला आवाज आला, खणखणीत, एकतीस वर्षांचा सराव असलेला:

"थांबा."

स्ट्रेचर जागच्या जागी थांबलं. दोघं कर्मचारी दचकून मागे बघायला लागले. बाबा आले, धापा टाकत, डबी पुढे धरून. आईने मान आवाजाकडे वळवली.

"बोला की."

बाबांनी डबीकडे पाहिलं. चार दिवस लागलेलं एका बोटाने परत लिहायला किती वेळ लागतो, याचा हिशेब त्यांच्याइतका जलद कुणाला आला नसता. नर्स म्हणाली, "काका, डॉक्टर थांबलेत."

"राहू द्या," आई म्हणाली. "आल्यावर ऐकते. तोवर पाठ करून ठेवा." तिने हात हवेत पुढे केला, बाबांनी तो धरला, सोडला. लिफ्टचं दार लागलं.

ती शुद्धीवर आलीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली.

तेरा दिवसांनी मापाडी ऑफिसात गेली. डबीतली नोंद तिने स्वतः उतरवून घेतली. मजकूर नव्हता, तो मेमरीतच होता आणि मेमरीबरोबर गेला. माणसाचं बोलणं साठवायचं नाही, हा नियम तिला स्वतःलाच फार पटलेला होता. नोंदीत एवढंच: मजकूर एक्याण्णव शब्द. वापरात त्रेसष्ट मेगाबाइट. आणखी मागणी एकवीस. नाकारली.

चौऱ्याऐंशी. आराखडा हातात, आणि ध्वनीला जागा नाही.

शंकासुर मागे येऊन उभा राहिला होता. त्याने नोंद वाचली. मग इतर आठ जणांचे नवे आकडे त्याने तिच्यासमोर ठेवले. सपाट आवाजात कुणी बावीसच्या वर गेलं नव्हतं. स्वतःचा आवाज मिळाल्यावर तिसऱ्या आठवड्यापर्यंत एकीचा मजकूर सव्वीसवर गेला होता, एकाचा एकतीसवर. चढतच होते.

"परक्याच्या तोंडून माणूस पाणीच मागतो," तो हळूच म्हणाला. "आपण त्यावरून माप ठरवलं." त्याने "आपण" म्हटलं, हा त्याचा मोठेपणा.

तीन आठवड्यांचं काम तिने आणि फंक्शन लिहिणाऱ्याने सोळा दिवसांत संपवलं. मजकूर तोडून, सांधे बेमालूम जोडून. आता दोनशे शब्दांनाही शिखर बावन्नच्या वर जात नव्हतं. शंकासुराची यादी बारा मजकुरांसकट लागली, आणि मापाडीने त्यात एक्याण्णव शब्दांचा एक मजकूर घातला. कसले शब्द घालावे ते सुचेना, म्हणून तिने ट्रकांचे नंबर आणि वजनं लिहिली.

नवी डबी घेऊन ती घरी गेली तेव्हा बाबा व्हरांड्यात बसले होते. तिने सगळं सांगितलं, या वेळी सगळं. बारा मजकूर, बावीस, एकाहत्तर, "हो, हो." बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यांनी जुनी डबी उचलून लिहिलं. ती बोलली तेव्हा मापाडी दचकली, कारण बोलला तो बँकवाला. बाबांनी आपला आवाज काढून टाकला होता. केव्हा, ते तिला कळलंही नव्हतं.

"तू रिकामी गाडी मोजलीस."

"हो, बाबा."

खाली कुणीतरी दारासमोर झाडत होतं.

"काय लिहिलं होतंत?" तिने विचारलं.

बाबांनी बोट टेबलावर आपटलं. दोनदा. मग उठून ते आत गेले आणि पंखा बारीक केला, जरी आत कुणी नव्हतं.

नवी डबी कपाटात आहे, चांगली चालणारी. आता हिशेब. साहेबांना त्यांची तारीख मिळाली, मान ताठ राहिली. शंकासुराला त्याची यादी परत मिळाली. तो आता कुलूप तीनदा ओढून पाहतो. आठ जण आपापल्या आवाजात हवं तेवढं लांब बोलतात. मापाडीला तिने मागितलेला आवाज मिळाला, चौदा दिवस, आणि एक "थांबा". बाबांचे एक्याण्णव शब्द गेले, आणि त्यांनी परत लिहिले नाहीत. आईचं नाव कुठल्याच चाचणीच्या कागदावर नव्हतं. तिने दिले शेवटचे चार दिवस, आपण काही बोललो म्हणून हे रुसले का, या घोरात काढलेले. आणि त्रेचाळीस वर्षांनी भरून आलेली गाडी दारातूनच परत गेली.